कारखाना आधीचा, रात्रपाळी नंतरची

पत्राचा सारांश : राज्यातल्या एका मोठ्या औद्योगिक शहरातून ५३ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या सासऱ्यांनी १९८४ साली शहराच्या कडेला २२ गुंठे जागा घेऊन पॉवर प्रेसचं, म्हणजे पत्र्यावर दाब देऊन भाग घडवणाऱ्या यंत्रांचं, काम सुरू केलं. जागा एमआयडीसीतली नाही, महापालिका हद्दीतल्या खासगी औद्योगिक पट्ट्यातली आहे. सासरे २०११ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. २०१९ मध्ये पती गेले. तेव्हापासून कारखाना ताई चालवतात, धाकटे दीर बँक आणि खरेदी बघतात. १७ कामगार आहेत, मोटारींच्या सुट्या भागांचं जॉब वर्क आहे. शेजारची कंपनी बंद पडली, तिच्या जागेवर दोन उंच टॉवर उभे राहिले आणि २०२१ मध्ये तिथे लोक राहायला आले. २०२३ मध्ये मोठी ऑर्डर मिळाली म्हणून ताईंनी १०० टनी प्रेस बसवला, रात्रपाळी सुरू केली आणि मागच्या बाजूला पत्र्याची शेड वाढवली. आता टॉवरमधून आवाजाच्या तक्रारी सुरू आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून विचारणा झाली आहे, महापालिकेने मंजूर नकाशा दाखवा म्हणून नोटीस दिली आहे. त्यातच एका बिल्डरने जागा मागितली आहे. दीर म्हणतात देऊन मोकळं होऊ. मुलाला कारखान्यात रस नाही. नव्या विकास आराखड्यात सगळा पट्टा निवासी होणार अशी कुजबुज आहे. ताई विचारतात : “आमचा झोन इंडस्ट्रियल आहे. आम्ही चाळीस वर्षं इथे आहोत, ते नंतर आले. मग आम्हीच का जायचं? लढू की विकू?”

ताई,

“ते नंतर आले” हे वाक्य तुमच्या मूळ पत्रात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलं आहे. तुमचा राग रास्त आहे. ज्या जागेवर परवापर्यंत बॉयलरची चिमणी होती, तिथल्या गॅलरीतून आज कुणी तुम्हाला ‘इथे कारखाना कसा?’ असं विचारतं, तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाणारच. पण ज्या मुद्द्यावर तुम्ही सगळी इमारत उभी केली आहे तो मुद्दा कायद्यात फार वजन पेलत नाही, हे आधी सांगून टाकतो. नोटिशीच्या उत्तरात तो पहिला लिहिलात, तर बाकीचे चांगले मुद्दे त्याच्या मागे झाकले जातील.

१८७९ सालचा लंडनचा एक खटला नगररचनेच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात वीस वर्षांहून जास्त काळ मोठे खलबत्ते चालत होते. शेजारच्या डॉक्टरने परसात, अगदी त्या भिंतीला लागून, रोगी तपासायची खोली बांधली आणि मग तक्रार केली की ठोक्यांमुळे छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. खलबत्ते आधीचे, खोली नंतरची. कोर्टाने खलबत्ते थांबवले. नंतर येऊन तक्रार केली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, ही भूमिका तिथून आपल्याकडेही आली.

मात्र त्याच निकालात न्यायाधीशांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती तुमच्या उपयोगाची आहे. बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो उपद्रव ठरेल तो बर्मंडसीत उपद्रव ठरेलच असं नाही. बेलग्रेव्ह स्क्वेअर ही उमरावांची वस्ती, बर्मंडसी हा चामडी कमावणाऱ्यांचा भाग. म्हणजे कोण आधी आलं याला किंमत थोडी, परिसर कोणत्या प्रकारचा आहे याला किंमत फार.

आपल्या देशातल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, २००० सालच्या, हीच गोष्ट आकड्यांत मांडली आहे. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ डेसिबल, रात्री ७०. निवासी क्षेत्रात दिवसा ५५, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. दहाने आकडा वाढला की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. तेव्हा ७० आणि ४५ यांतलं अंतर कागदावर दिसतं त्यापेक्षा फार मोठं आहे, पत्र्याला आतून थर्माकोल चिकटवून ते भरून निघत नाही.

आता खरा गुंता. तुमच्या शेजारचे टॉवर कोणत्या क्षेत्रात आहेत? आराखड्याच्या नकाशावर तो भाग तुमच्यासारखाच जांभळा, म्हणजे औद्योगिक, असण्याचीच शक्यता जास्त. पण तिथे माणसं झोपतात. हे झालं कसं, ते नीट समजून घ्या, कारण इथेच तुमच्या हातात काहीतरी आहे.

तुम्हाला वाटतं की झोन बदलायचा तर वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवतात. तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर सूचना प्रसिद्ध होते, लोकांचं ऐकलं जातं, शेवटी शासन मंजुरी देतं. पण औद्योगिक झोनमध्ये निवासी वापर करू देण्याची सोय थेट विकास नियंत्रण नियमांतच आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई, एमआयडीसी आणि आणखी काही अपवाद वगळता राज्यभर जी एकत्रित नियमावली लागू झाली, तिच्यातही ती आहे. बोलीभाषेत याला ‘आय टू आर’, म्हणजे ‘इंडस्ट्रियल टू रेसिडेन्शियल’, म्हणतात. नकाशावरचा रंग बदलत नाही. महापालिकेच्याच स्तरावर फाइल फिरते, अटी घालून परवानगी मिळते. शेजाऱ्याला विचारायचं काही कारण नसतं. म्हणून तुम्हाला ते खोदकाम सुरू झाल्यावर कळलं.

या सोयीबद्दल माझं मत चांगलं नाही. नगररचनेच्या कामात अर्धं आयुष्य गेल्यामुळे सांगतो. शहरातली औद्योगिक जमीन कमी करायची की राखायची, याचा निर्णय कुठल्याही सभागृहाने घेतलेला नसतो. एकेक प्लॉट, एकेक फाइल, प्रत्येक फाइल आपापल्या जागी नियमात बसणारी. वीस वर्षांनी मागे वळून पाहिलं की पट्टाच गायब. आणि वाट एकेरी आहे. निवासी जागेवर पुन्हा प्रेस शॉप आलं असं मी तरी पाहिलेलं नाही. फिटर, डाय बनवणारे, हेल्पर ज्या भागात चालत किंवा सायकलवर कामाला येत होते तिथून काम तीस-चाळीस किलोमीटर लांब गेलं, की माणसं सुटतात. सुटलेली माणसं कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाहीत, म्हणून ती हानी कुणी मोजत नाही.

असो. पण त्या सोयीला अटी आहेत, आणि त्यातली एक तुम्ही ताबडतोब तपासा. निवासी वापर आणि औद्योगिक भाग यांच्यामध्ये ठरावीक अंतर मोकळं सोडावं लागतं, आणि ते अंतर निवासी वापरासाठी मागितलेल्या जागेतच सोडायचं असतं. म्हणजे टॉवरच्या प्लॉटमध्ये, तुमच्या नाही. माहिती अधिकारात टॉवरचा मंजूर नकाशा, बांधकाम परवानगीच्या अटी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागवा. नकाशावर ती मोकळी पट्टी कुठे दाखवली आहे ते पाहा, मग कुंपणावरून प्रत्यक्षात तिथे काय आहे ते पाहा. तिथे क्लब हाऊस किंवा शयनकक्षाच्या खिडक्या निघाल्या तर महापालिकेला विचारायला तुमच्याकडे नेमका प्रश्न आहे. “आम्ही आधी आलो” यापेक्षा “परवानगीतली अमुक अट पाळली आहे का” हे वाक्य कार्यालयात दहापट जोरात ऐकू येतं.

आता तुमच्या बाजूचं बोलतो. जरा कडू लागेल.

कारखाना १९८४ चा आहे. टॉवरमध्ये लोक २०२१ मध्ये आले. रात्रपाळी आणि १०० टनी प्रेस २०२३ चे. ताई, रात्रीच्या बाबतीत नंतर आलेले तुम्ही आहात. दिवसाच्या आवाजाबद्दल तुमचं जे काही नैतिक बळ आहे ते रात्री दहानंतर उरत नाही, आणि तक्रारी बहुतेक रात्रीच्याच असणार. तुमच्या पत्रात तारखा होत्या, फक्त त्या वेगवेगळ्या परिच्छेदांत होत्या. टॉवरच्या कमिटीचा वकील त्या एका ओळीत लिहील.

म्हणून पहिली गोष्ट : मोठा प्रेस रात्री बंद. ऑर्डरचं गणित माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, पण रात्रपाळी बंद करणं आणि रात्री प्रेस बंद ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी, पॅकिंग, डाय दुरुस्ती, ड्रिलिंग-टॅपिंग रात्री करता येतं का ते बसून आखा. दिवसाच्या दोन पाळ्यांत प्रेसचे ठोके किती बसतात ते मोजा. ज्या कंपनीची ऑर्डर आहे तिच्याशी बोला. पुरवठादाराचा कारखाना नोटिशीने बंद पडण्यापेक्षा वेळापत्रक बदललेलं त्यांना चालतं.

दुसरं, आवाज नेमका कशाचा येतो ते शोधा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तुमच्या हद्दीवर आणि शक्य झालं तर टॉवरच्या बाजूने, दिवसा-रात्री दोन्ही वेळा मोजणी करून घ्या. माझा अनुभव असा की लोक प्रेसला नावं ठेवतात, पण झोपमोड होते ती बऱ्याचदा स्क्रॅप लोखंडी पेटीत ओतण्याच्या आवाजाने, ट्रकच्या रिव्हर्स हॉर्नने, नाहीतर उघड्यावर ठेवलेल्या कंप्रेसरच्या घरघरीने. हे तिन्ही कमी खर्चात आटोक्यात येतात. स्क्रॅपची पेटी रबराचं अस्तर लावून दुसऱ्या टोकाला न्या. कंप्रेसरला बंदिस्त खोली द्या, हवा खेळण्याची सोय ठेवून. टॉवरकडच्या भिंतीतल्या जाळ्या विटांनी बुजवा आणि हवेसाठी छपरावर पंखे घ्या. प्रेसचा ठोका हा आवाजापेक्षा जमिनीतून जाणारा हादरा असतो. त्याला भिंत कामाची नाही, पायाखाली अँटी-व्हायब्रेशन माउंट, म्हणजे हादरा शोषणारे आधार, लागतात. प्रेस बसवणाऱ्याला विचारा की पाया करताना ते घातले होते का. ‘नंतर बघू’ असं उत्तर मिळालं होतं का, तेही आठवून पाहा.

प्रदूषण मंडळाच्या पत्राला उत्तर देताना तुमचं संमतीपत्र, म्हणजे कारखाना चालवायला मंडळाने दिलेली परवानगी, चालू आहे का आणि त्यात काय लिहिलं आहे ते बघा. मंडळ प्रदूषणाच्या प्रमाणावरून उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा वगैरे रंगांत वर्गवारी करतं. नुसतं पत्रा कापणं-वाकवणं एका वर्गात बसतं. त्याच छपराखाली पेंटिंग किंवा प्लेटिंग सुरू केलं की वर्ग बदलतो. २०२३ मध्ये यंत्रं वाढली तेव्हा संमतीपत्रात बदल करून घेतला का? पत्रात तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही.

आता ती पत्र्याची शेड. तुम्ही ती ओझरती सांगितली आहे, पण महापालिकेची नोटीस वाचली तर तिचा रोख त्या शेडवरच असण्याची शक्यता मला दिसते. मंजूर नकाशा दाखवा, याचा अर्थ नकाशात नसलेलं काय उभं आहे ते आम्हाला बघायचं आहे. झोन औद्योगिक असणं म्हणजे प्रत्येक छप्पर अधिकृत असणं नाही. मालमत्ता कराच्या पावत्यांनी बांधकाम अधिकृत होत नाही आणि वीजमीटरनेही होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीत भंगार गोदामं, वर्कशॉप, शेड अशी हजारो बांधकामं जमीनदोस्त केली. तिथेही वर्षानुवर्षं धंदा चालू होता. तुमची गोष्ट त्यांच्यासारखी नाही, तुमचा झोन योग्य आहे आणि मूळ शेडला परवानगी असावी. पण वाढीव भागापुरते तुम्ही त्यांच्याच रांगेत आहात.

यावर कायद्यात वाट आहे. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाबद्दलची, नोटीस आली असेल तर तिच्यात दिलेल्या मुदतीत, ते बांधकाम तसंच ठेवण्याची परवानगी मागणारा अर्ज कलम ४४ खाली करता येतो. एका परवानाधारक वास्तुविशारदाकडून मोजणी करून घ्या. सामासिक अंतरं, म्हणजे बांधकामाच्या कडेने सोडायची मोकळी जागा, राहत असतील आणि चटई क्षेत्र (एफएसआय) शिल्लक असेल तर शुल्क भरून ते नियमित होऊ शकतं. बसत नसेल तर स्वतःच काढा, फोटो काढून कळवा. पाडायला पथक येण्याची वाट पाहू नका, कारण पथक आलं की त्याला मूळ शेड आणि वाढीव शेड यांतला फरक समजावत बसावं लागतं. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे आणि मुदत किती उरली आहे, हे पत्रात नाही. मुदत संपत आली असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी वकील गाठा.

याच्या जोडीने घरातली एक फाइल तयार करा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश, १९८४ ची बांधकाम परवानगी आणि नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, कारखाना परवाना, संमतीपत्रं, अग्निशमन दाखला आणि नगररचना विभागाकडून ताजा झोन दाखला. झोन दाखल्यासाठी कुणाच्या सांगण्यावर विसंबू नका, अर्ज करून लेखी घ्या. पट्टा निवासी होणार ही कुजबुज खरी की बिल्डरच्या माणसाने सोडलेली, हे त्याशिवाय कळणार नाही.

समजा नवा आराखडा खरंच येतो आहे. त्याचा कच्चा मसुदा, म्हणजे प्रारूप, प्रसिद्ध झाला की त्याच कायद्याच्या कलम २६ खाली हरकती-सूचनांची मुदत सुरू होते, मग नियोजन समितीपुढे सुनावणी. तिथे एकट्या जाऊ नका. पट्ट्यातले बाकीचे शेडवाले, लघुउद्योजकांची संघटना असेल तर ती, सगळे मिळून एकच मुद्देसूद हरकत द्या. आणि “झोन बदलू नका” एवढंच लिहून थांबू नका. अशा हरकती गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच निकाली निघतात. नकाशावर बोट ठेवून मागा : या सर्व्हे नंबरांच्या कडेने झाडांची पट्टी हवी, ट्रकसाठी हा रस्ता हवा, निवासी परवानगी दिली तर मधलं अंतर निवासी प्लॉटमध्येच राहील अशी नोंद हवी, चालू कारखान्यांचा वापर तसाच राहील असं लिहून हवं. अधिकाऱ्याला नकाशावर काढता येईल अशी मागणी टिकते.

आणि झोन निवासी झाला तरी त्या दिवशी तुमचा कारखाना बेकायदा होत नाही. रीतसर परवानगीने सुरू असलेला वापर सर्वसाधारणपणे चालू ठेवता येतो. वाढवता मात्र येत नाही, आणि बँक कर्ज देताना नाक मुरडते. तुमच्या जागेवर बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडलं तर तो निराळा विषय. तो तुमच्यापुढे आज नाही, म्हणून सोडतो.

आता विकण्याबद्दल. पत्रात तुम्ही लिहिलं आहे की जागा “मी आणि भाऊजी” अशी दोघांची. पण सासऱ्यांनी जागा स्वतः घेतली होती, मृत्युपत्र केलं नव्हतं, आणि शेवटच्या पानावर तुम्ही दोन नणंदांच्या मुलांची लग्नं झाल्याचं लिहिलं आहे. हक्कसोडपत्र झालं आहे का? नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. सासूबाई असतील तर त्यांचाही. बिल्डरला हे तुमच्याआधी माहीत असतं. तो घाई करतोय आणि सह्या मात्र दोनच मागतोय, याचा अर्थ उरलेल्या सह्या तो स्वस्तात मिळवायच्या बेतात असेल. नणंदांना आजच्या आज फोन करा. हक्काचा विषय बाजूला ठेवला तरी, वडिलांनी उभा केलेला कारखाना विकायची गोष्ट त्यांना तिसऱ्याकडून कळू नये.

भाऊजींवर रागावू नका. कारखान्याच्या कर्जावर त्यांचीही सही असेल. पन्नाशीनंतर पुन्हा नवीन यंत्राचं कर्ज काढायची भीती वाटणं हा काही स्वार्थ नव्हे. मुलाला रस नाही हे तुम्ही ज्या सुरात लिहिलं आहे, त्यावरून वाटतं की झोनच्या प्रश्नाआड तुमचा खरा प्रश्न हा आहे : हा कारखाना पुढची दहा वर्षं मला चालवायचा आहे का? याचं उत्तर नकाशात नाही. चालवायचा नसेल तर विकणं यात हार कसली? फक्त टॉवरवाल्यांच्या तक्रारीने वैतागून विकू नका. वैतागलेल्या माणसाला मिळणारा भाव नेहमी कमी असतो.

विकायचं ठरलं तर कामगारांचा हिशोब सगळ्यात आधी करा, शेवटी नको. कारखाना चाललेल्या जागेवर निवासी परवानगी मागताना श्रम आयुक्तांचा ना हरकत दाखला लागतो, की कामगारांची कायदेशीर देणी दिली आहेत किंवा समाधानकारक तडजोड झाली आहे. देणी थकली तर पुढे इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र अडकतं. बंद करताना द्यायची भरपाई सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाच्या हिशोबाने असते, ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी. १७ जणांची यादी करा, रुजू झाल्याच्या तारखा लिहा, बेरीज करा. ही रक्कम बिल्डरच्या करारात स्वतंत्र कलम म्हणून घाला आणि ती पहिल्या हप्त्यातून द्यायची असं लिहून घ्या. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास यासाठीच लक्षात ठेवायचा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला असं ठरलं होतं. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची होणार. शेड उभ्या असलेल्या जमिनीचं क्षेत्र वाटणीतून निघून गेलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. नियमात लिहिलेला वाटा नियम बदलला की आटतो. करारात लिहिलेला, तारीख घातलेला वाटा मिळायची शक्यता जास्त.

विकसन करारात पैसे कमी आणि बांधलेले फ्लॅट जास्त अशी ऑफर असेल तर सावध राहा. त्यात तुम्ही भागीदार झालात तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, नजरेत जागामालकही प्रमोटर, म्हणजे बिल्डरसारखाच जबाबदार, ठरू शकतो. उद्या फ्लॅटधारकांनी तक्रार केली तर प्रतिवादी म्हणून तुमचंही नाव. कुलमुखत्यारपत्रावर डोळे मिटून सही करू नका, त्याला मुदत आणि मर्यादा घाला. जागा फर्मच्या नावावर आहे की व्यक्तींच्या, यावर कराचा हिशोब बराच बदलतो. तो चार्टर्ड अकाउंटंटकडून आधी मांडून घ्या, सही झाल्यावर नव्हे.

तिसरी वाट तुम्ही पत्रात घेतलीच नाही : दुसरीकडे जाणं. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजनाचा अधिकार एमआयडीसीकडेच असतो, महापालिकेच्या आराखड्याने तिथला पट्टा हलत नाही. जागा साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते, मालकी नसते. जुना प्लॉट दुसऱ्याकडून घेतला तर हस्तांतर शुल्क भरावं लागतं. पण तिथे गेलं की शेजारी घरं येणारच नाहीत, अशी खात्री कुणी देऊ नये. डोंबिवलीत कारखाने आणि घरं एकमेकांना खेटून आहेत. तिथे मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसं दगावली, आसपासच्या घरांचं नुकसान झालं. तुमच्याकडे रसायनं नाहीत, तुमचा प्रश्न आवाजाचा आहे, प्राणाचा नाही. हा फरक टॉवरवाल्यांशी बोलताना तुमच्या बाजूने आहे, तो शांतपणे सांगा. प्रेस नव्या पायावर हलवायचा खर्च, वीजजोडणी, आणि १७ पैकी किती जण तिकडे येतील याची विचारपूस केल्याशिवाय या वाटेला हो किंवा नाही म्हणू नका. मोठा प्रेस आणि रात्रीचं काम तिकडे, बाकी दिवसाचं काम इथे, असंही जमू शकतं.

माझं मत विचाराल तर या वर्षी लढूही नका आणि विकूही नका. रात्रीचा प्रेस थांबवा, नोटिशींना मुदतीत उत्तर द्या, शेडचा निकाल लावा, वारसांच्या नोंदी नीट करा. चालवायचं ठरलं तरी हे लागणार, विकायचं ठरलं तरी हे लागणार, आणि स्वच्छ फाइलच्या जागेला भावही वेगळा मिळतो. हे होईपर्यंत बिल्डरकडून टोकन म्हणून एक रुपयाही घेऊ नका.

टॉवरच्या कमिटीला वकिलाचं पत्र पाठवण्याआधी एकदा त्यांना कारखान्यात बोलवा. दिवसा, प्रेस चालू असताना. त्यांनाही फ्लॅट विकताना शेजारी काय आहे हे कुणी धड सांगितलेलं नसणार. त्यांच्यातलेच कित्येक जण मोटारींच्या कंपन्यांत नोकरीला असतील. रात्री काय बंद केलं, काय बदलणार आहात आणि कधीपर्यंत, हे एका कागदावर लिहून द्या, सुपरवायझरचा फोन नंबर द्या. जमलं नाही तर प्रकरण उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव म्हणून जाऊ शकतं. तेव्हा हाच कागद आणि आवाजाचे अहवाल तुमच्या हातात असतील.

आणि तुमच्यासारखंच पत्र पलीकडच्या बाजूने लिहायच्या बेतात असलेल्यांसाठी दोन शब्द. फ्लॅट घेताना सगळे आपल्या प्लॉटची कागदपत्रं बघतात, शेजारच्या प्लॉटची कुणी बघत नाही. आराखड्याच्या नकाशावर चारही बाजूंचे रंग पाहा. इमारत औद्योगिक झोनमधल्या परवानगीने उभी आहे का ते विचारा, आणि तशी असेल तर मधली मोकळी पट्टी कुठे आहे ते बिल्डरला जागेवर नेऊन दाखवायला सांगा. साइट एकदा रविवारी सकाळी आणि एकदा कामाच्या दिवशी रात्री अकरानंतर बघा. ताबा घेतल्यावर त्रास सुरू झाला तर पहिला अर्ज कारखान्याविरुद्ध करण्याआधी आपल्याच इमारतीचा मंजूर नकाशा मागवा.